पिंपळापुरे आणि खिडकीचं पाणी

पिंपळापुरे कोणाच्याही घरी गेले की आधी खिडकीला भेटत, मग माणसांना. दारात बूट काढायचे, 'या, या' म्हणणाऱ्या यजमानाला एका हातानं थांबवायचं, सरळ बैठकीतल्या खिडकीपाशी जायचं आणि तर्जनी काचेवर खालून वर फिरवायची. मग ते बोट डोळ्यांसमोर धरून, सहाणेवर गंध नीट उतरलंय का हे बघावं तसं बघायचं. बोट कोरडं असेल तर 'नमस्कार'. ओलं असेल तर 'अरे बाप्पा!'

शॅननमध्ये नोव्हेंबर ते मार्च त्यांच्यावर 'नमस्कार' म्हणायची वेळ फारशी येत नसे.

शॅनन हे आयर्लंडच्या पश्चिमेला विमानतळाभोवती वसलेलं गाव. एका बाजूला धावपट्टी, एका बाजूला कारखाने, आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी पाऊस. युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायला गेलो होतो. बरोबर बायको नीता आणि आठ वर्षांची मुक्ता. पिंपळापुरे नागपूरचे, पन्नाशीचे, दुसऱ्या एका कंपनीत यंत्रांची चाचणी घ्यायचे. आमच्या समोरच्या घरात एकटे राहत. त्यांच्या मिसेस नागपूरला सरकारी नोकरीत होत्या, पेन्शनला चार वर्षं उरली होती. मुलगा तिथेच इंजिनिअरिंगला. 'ते तिकडे, मी इकडे, सगळं सिस्टिमॅटिक सुरू आहे,' असं ते सांगत, आणि विषय बदलून आमच्या खिडकीकडे वळत.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. तशा माझ्या बऱ्याच ओळखी त्याच मार्गानं झाल्या आहेत. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पांढरा थर बसला होता. शेजारी कोणी प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडत होतं, कोणी इंजिन सुरू करून आत चहा प्यायला गेलं होतं. मी विचार केला, पुण्याच्या माणसाला इतका वेळ नाही. आतून तांब्याभर कढत पाणी आणलं आणि ओतलं. तेवढ्यात समोरच्या घरातून स्वेटरवर टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ ओरडत आले, "नका, नका, नका ना!"

तिसऱ्या 'नका'ला काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "किती डिग्रीचं होतं?"

"गरम होतं," मी म्हणालो.

"गरम हा काही आकडा नाही, साहेब. मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की नीतानं भाजीत मीठ किती झालंय विचारलं तरी माझ्या तोंडून तेच निघू लागलं. त्याचे घरगुती परिणाम इथे सांगत नाही.

आता भोकांबद्दल सांगायला हवं. आम्ही ते घर भाड्यानं घेतलं तेव्हा बैठकीच्या आणि मुक्ताच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, डोक्याच्या वर, वीतभर रुंदीचं एकेक भोक होतं. आतून प्लास्टिकची जाळी. त्यातून सरळ अटलांटिकचा वारा आत यायचा आणि बरोबर मानेवर बसायचा. बिल्डरनं कसला तरी पाइप घालायला भोक पाडलं असणार आणि पाइप विसरला असणार, असा निष्कर्ष मी इंजिनिअर या नात्यानं काढला. नीतानं निष्कर्ष वगैरे काढला नाही. तिनं माझा जुना पंचा टर्रकन फाडला, अर्धा एका भोकात कोंबला, अर्धा दुसऱ्यात. बैठकीतल्या भोकावर पुण्याहून आणलेलं तिथी-वारांचं कॅलेंडर लटकवलं, मुक्ताच्या खोलीतल्या भोकावर मुळाक्षरांचा तक्ता. 'अ अननसाचा'च्या मागे वारा बंद झाला. आठवड्याभरात आपल्या घराला भोकं आहेत हे आम्ही विसरूनही गेलो. दर वर्षी नवं कॅलेंडर यायचं, तेही जुन्यावरच चढायचं.

त्यानंतर आमच्या घरात पाणी आलं. नळाला नव्हे, खिडक्यांना. सकाळी उठावं तर प्रत्येक काच रात्रभर रडल्यासारखी. चौकटीवरून ओघळ, ओघळाचं खाली तळं, तळ्यात पडद्याची टोकं. दोन्ही दारांची रबरं तर एकदा अशी गोठली, की दूध आणायला मी खिडकीतून बाहेर पडलो आणि तसाच परत आलो. दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरात, कोपऱ्यांत काळे ठिपके उमटले. मी ते पुसायचो, आणि ते दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन परत यायचे.

आमची घरमालकीण नोरा. साठीची, गोड बोलणारी, आणि गोड बोलतच बोलायचं ते बोलून टाकणारी. नाताळाच्या आधी ती चहाला आली, कोपरे बघितले, मुक्ताच्या खोलीतली बुरशी बघितली आणि कप खाली ठेवला. सेंट ब्रिजिडच्या दिवसापर्यंत, म्हणजे एक फेब्रुवारीपर्यंत, हे घर कोरडं दिसलं नाही तर पुढचा करार होणार नाही, घर सांभाळणारं दुसरं कोणीतरी बघावं लागेल. "नो हार्ड फीलिंग्ज, लव्ह," असं म्हणून तिनं आणखी एक चकली उचलली.

त्या वर्षांत आयर्लंडमध्ये घर मिळणं म्हणजे काय होतं, ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. शॅननमध्ये मिळालं नसतं तर लिमरिकला जावं लागलं असतं. मुक्ताची शाळा सुटली असती, आणि शेजारची ईफा सुटली असती. ईफा ही मुक्ताची जिवलग मैत्रीण. मुक्ता रडली नाही. तिनं फक्त, "डॅड, आय अॅम नॉट गोइंग," असं सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दार ओलाव्यानं फुगलेलं होतं, त्यामुळे ते तीन धक्क्यांत लागलं.

मी समोर गेलो आणि पिंपळापुऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की मला वाटलं, मी संकट नव्हे, पेढे घेऊन आलोय.

"रोजचं किती पाणी निघून राहिलं?"

"खूप."

त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला ते हजर. खांद्याला शबनम. शबनममध्ये मांजरपाटाचा धुतलेला फडका, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण, मोठ्या मापाची एक बरणी आणि लाल पुठ्ठ्याची वही. खिडकी पुसायची, फडका बरणीत पिळायचा, वरचं उरलंसुरलं टोपणानं मोजायचं, वहीत लिहायचं. खोलीगणिक वेगळा रकाना. हे त्यांनी सगळं इतक्या गांभीर्यानं केलं, की मुक्ता दात घासायचे विसरून ब्रश तोंडात धरून त्यांच्यामागे फिरत राहिली.

"बैठक एकशे नव्वद मिली. स्वयंपाकघर दीडशे. मुक्ताबाई दोनशे दहा."

"टू हंड्रेड अँड टेन!" मुक्ता ब्रशसकट ओरडली. वर्गात कधी मिळाले नव्हते इतके मार्क.

"आता पुढे काय करायचं?" मी विचारलं.

"आता चहा घ्यायचा. मग विचार करायचा."

पुढचे सहा आठवडे ते रोज आले. सव्वासात म्हणजे सव्वासात. नीतानं आधी चहा दिला, मग चहाबरोबर पोळी, मग पोहे, आणि जानेवारीत 'भाऊजींना आवडतं' म्हणून उपमा. मला उपमा आवडत नाही हे तिला सोळा वर्षं माहीत आहे.

त्यांचे नियम वाढत गेले. पातेल्यावर झाकण हवंच. कुकरच्या तीनच शिट्ट्या, आणि त्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे नाहीत. आंघोळीनंतर मी लगेच बाहेर यायचं नाही, वाफ निवेपर्यंत आतच उभं राहायचं. मी रोज सात मिनिटं टॉवेल नेसून, खिडकी किलकिली करून, कुडकुडत आत उभा राहत असे आणि आपण नेमकं काय सिद्ध करतोय याचा विचार करत असे.

त्यांचे सिद्धांत तर औरच. कॅलेंडरसमोर उभं राहून, चहाचा कप हातात घेऊन, ते तिथी बघायचे. "काल अमावास्या. पाणी वीसनं वाढलं. नोंद घ्या." मी नोंद घ्यायचो. पौर्णिमेला पाणी पंचवीसनं वाढलं. मी विचारलं, हे कसं? "म्हणजे दोन्हीकडून खेचून राहिलं," ते म्हणाले. मला काही कळलं नाही, पण आयर्लंडमध्ये मला एवीतेवी काहीच कळत नव्हतं, त्यामुळे तेही खपून गेलं. एकदा कॅलेंडर आपोआप किंचित हललं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. ते म्हणाले, "दार नीट लावा, साहेब." मी जाऊन दार लावलं. दार लागलेलंच होतं.

एका खोलीत मात्र चमत्कार झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुक्ताचा पलंग फिरवायला सांगितला, डोकं पूर्वेला. मी स्वयंपाकघरात स्क्रू ड्रायव्हर शोधत असताना त्यांनी एकट्यानंच तो फिरवलासुद्धा. तिसऱ्या दिवशी मुक्ताच्या खोलीतलं पाणी दोनशे दहावरून साठावर आलं, आठवड्यानं तीसवर. काळे ठिपके पुसले ते परत आले नाहीत. तिचा सकाळचा खोकलाही गेला. मी इतका भारावलो, की शॅनन आणि लिमरिकमधल्या यच्चयावत मराठी घरांना फोन करून पलंग पूर्वेला फिरवायला लावले. कोणाच्याही घरचं पाणी कमी झालं नाही. एकाच्या कमरेत उसण भरली.

बैठकीतले आकडे मात्र हलेनात. एकशे ऐंशी, एकशे नव्वद, संकष्टीला एकशे पंच्याऐंशी.

मध्ये एका रविवारी मी बरणी परत करायला त्यांच्या घरी गेलो. तोपर्यंत कधी गेलोच नव्हतो. त्यांच्या खिडक्या बघून थक्क झालो. आरशासारख्या. एक थेंब नाही. चौकट कोरडी, पडदा कडक. स्वयंपाकघरात निथळत ठेवलेली एक ताटली, एक वाटी, एक चमचा.

"तुमचं किती निघतं?" मी आदरानं विचारलं.

"चार मिली."

"चार! कसं काय जमवता हो?"

त्यांनी फडका झटकून दोरीवर वाळत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. मोठ्या माणसांची विद्या सहजासहजी मिळत नाही, असा विचार करून मी घरी आलो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नोराचा फोन आला. शनिवारी येते. बुधवारी बैठकीचं पाणी होतं एकशे ब्याऐंशी. नीताचा संयम संपला.

"अहो, हा माणूस बरोबर सांगतोय ना? सहा आठवडे मी झाकणं ठेवतेय. तुम्ही न्हाणीघरात थिजताय. आणि शनिवारी ती बाई येऊन काय बघणार? वही?"

"त्यांच्या घरी चार मिली निघतं, नीता. माणूस तज्ज्ञ आहे."

"मग आपण त्यांच्या घरी राहायला जाऊ!"

गुरुवारी सकाळी पिंपळापुरे आले तेव्हा पोहे नव्हते. नुसता चहा, तोही नीतानं टेबलावर जरा आवाज करून ठेवला. मुक्तानं त्यांना विचारलं, "मिस्टर पी, डू वी हॅव टू मूव्ह टू लिमरिक?" त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बेटा, मोजल्याशिवाय बोलायचं नाही." पण त्यात रोजचा जोर नव्हता. नीता आत गेली, मी गाडीची काच खरवडायला बाहेर गेलो, पट्टीनं. परत आलो तेव्हा ते बूट घालत होते.

"उद्यापासून येणार नाही," ते म्हणाले. "काम वाढून राहिलं जरा."

वही त्यांनी मुक्ताला देऊन टाकली. शाळेत प्रोजेक्ट असतो ना, त्यासाठी.

शुक्रवारी सकाळी मी बैठकीची काच पुसली. फडका पिळला. तीन-चार थेंब पडले. मी नीताला हाक मारली. तिनं काचेवर बोट फिरवलं, बघितलं, पुन्हा फिरवलं. "अमावास्या आहे का आज?" ती म्हणाली. मी कॅलेंडर बघितलं. नव्हती.

शनिवारी काचा लख्ख. नोरा आली. तिनं चौकटी बघितल्या, कोपरे बघितले, कपड्यांच्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार उघडून आत नाक खुपसलं. मग सरळ भिंतीपाशी गेली आणि कॅलेंडर वर उचललं. भोक! भोकाची आठवण मला त्या क्षणी झाली, दोन वर्षांनी.

जाळी स्वच्छ होती. आतून बारीक वारा येत होता. पंचा नव्हता.

"ग्रँड," नोरा म्हणाली. मग ती खुशीत बोलत सुटली. हा झरोका घराला श्वास घ्यायला असतो, घरातली वाफ त्यातून बाहेर जाते, आणि भाडेकरू काय करतात तर थंडी वाजते म्हणून तो बुजवतात. मागचा युअर मॅन, आमच्या आधीचा भाडेकरू, त्यानं तर मोजे कोंबले होते, म्हणाली, चार जोड. तुम्ही शहाणे निघालात. करार पाठवते.

ती गेल्यावर नीता हळूच म्हणाली, "अहो, मी कोंबला होता ना? तुमचा पंचा?"

"होता."

"मग गेला कुठे?"

आम्ही कॅलेंडरामागे पुन्हा बघितलं. मुक्ताच्या खोलीत जाऊन मुळाक्षरांचा तक्ता उचलला. तिथेही नव्हता. भिंतीनं पंचा गिळला की काय अशा चेहऱ्यानं आम्ही एकमेकांकडे बघत असताना मुक्ता लाल वही घेऊन आली. आकडे तिला कळत होते, अक्षरं नाहीत. तक्ता दोन वर्षं भिंतीवर होता, पण तो वारा अडवायच्या कामावर होता.

"डॅड, व्हॉट डझ इट से हिअर? देअर आर नो नंबर्स."

मी वाचलं. दुसऱ्या दिवसाची नोंद होती. बारीक, सुबक अक्षर.

'मुक्ताच्या खोलीत तक्त्यामागे झरोका. कापड कोंबलेले. आजच काढले. मूल झोपते. पलंग फिरवा असे सांगितले.'

त्याखाली, जरा जागा सोडून:

'बैठकीत कॅलेंडरामागेही तसेच. राहू दिले. उद्या पाहू.'

पुढच्या पानांवर आकडेच आकडे. बैठक एकशे नव्वद. बैठक एकशे ऐंशी. समासात मधूनमधून बारीक शेरे. 'उपमा.' 'मुक्ताचा दात पडला.' 'वहिनींनी थांबवून घेतले, सव्वाआठ झाले.' शेवटचा रकाना आमचा नव्हता. त्यावर लिहिलं होतं, 'मी'. त्यात रोज एकच आकडा. चार. चार. चार. एके दिवशी पाच, आणि पुढे, 'सर्दी'.

शेवटच्या पानावर गुरुवार. 'काढले. लेकरू विचारून राहिले. आधीच काढायला पाहिजे होते.'

"व्हॉट डझ इट से?" मुक्तानं पुन्हा विचारलं.

"पाणी किती निघालं ते लिहिलंय," मी म्हणालो.

नीतानं वही माझ्या हातातून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. मला वाटलं, ती भडकणार. सहा आठवडे! मी ते मोठ्यानं म्हणालोही, "सहा आठवडे, नीता, मी न्हाणीघरात उभा राहिलो, आणि ह्या गृहस्थाला पहिल्या दिवसापासून..."

"दुसऱ्या," नीता म्हणाली. "मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

पुढचा आठवडा पिंपळापुरे आले नाहीत. आमच्या खिडक्या कोरड्या, पडदे कोरडे, सकाळही कोरडी. सव्वासातला मुक्ता ब्रश तोंडात धरून दाराकडे बघायची. एकदा मी पाहिलं, पिंपळापुरे समोरच्या फुटपाथवरून चालले होते. आमच्या घरासमोर त्यांची चाल मंदावली, त्यांनी लांबूनच खिडकीकडे पाहिलं. काच स्वच्छ दिसली असणार. ते पुढे गेले.

रविवारी सकाळी मी उठून खाली आलो तर स्वयंपाकघरात धुकं. नीतानं सर्वांत मोठं पातेलं काढलं होतं, त्यात बटाटे रटरटत होते आणि वर झाकण नव्हतं. शेजारी किटलीही उकळत होती, तीही उघडी. खिडकीवरून धारा लागल्या होत्या.

"अगं, झाकण!" मी किंचाळलो. सहा आठवड्यांचे संस्कार.

"गप्प बसा आणि फोन लावा."

"कोणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी फोन लावला. तिनंच तो माझ्या हातातून घेतला. "भाऊजी, पाणी परत आलंय हो. यांना काही समजत नाहीये."

हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

चार मिनिटांत ते आले. केस ओले, शबनम खांद्याला. कोणाला नमस्कार न करता थेट खिडकीपाशी गेले आणि बोट फिरवलं. "अरे बाप्पा!" मुक्तानं बरणी धरली, त्यांनी फडका पिळला. एकशे चाळीस. मग त्यांची नजर वळली. आधी शेगडीवरच्या उघड्या पातेल्याकडे, मग किटलीकडे, मग बैठकीच्या दारातून दिसणाऱ्या कॅलेंडरकडे, मग टेबलावरच्या लाल वहीकडे. वही उघडी होती.

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग शबनममधून काहीतरी काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. माझा पंचा होता. धुतलेला, इस्त्री केलेला, आणि फाटलेले दोन्ही तुकडे मधोमध बारीक टाक्यांनी जोडलेले.

मी तो उचलून खांद्यावर टाकला.

"सिरियस आहे का हो, भाऊजी?" नीतानं पोह्यांना फोडणी देत विचारलं.

"आहे ना, वहिनी," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "रोज पाहावं लागेल."

"मग या रोज."

त्यांनी मान हलवली. नवं पान काढलं, तारीख घातली, आणि पेन हातात धरून पातेल्याकडे बघत विचारलं, "बटाटे केव्हापासून उकडून राहिले?"

"आत्ताच ठेवलेत," नीता म्हणाली. "अजून कच्चे आहेत."

मी पातेल्यात डोकावलो. बटाटे केव्हाच फुटले होते.